पंचावन्न की एकशेपाच

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१९ ऑक्टोबर १९८६, रविवार

भालूकाका,

दसऱ्याच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. बक्षीस मिळालेला फुलपाखराचा फोटो लोदी बागेत पहाटे काढला असं मी लिहिलं होतं. तो लोदी बागेतला नाही. आपल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणातला आहे, कढीपत्त्याच्या कुंडीपाशी काढलेला. वेळही पहाटेची नव्हती, सकाळचे नऊ वाजले असतील. तारीख ७ सप्टेंबर.

लोदी बाग कुठून आली, तेही सांगते. ऑगस्टभर मी तिथे रोज पहाटे जात होते. एकही फुलपाखरू हवं तसं बसलं नाही. मंडळाचा फॉर्म भरताना 'स्थळ' या रकान्यात माझ्या हातून लोदी बाग लिहिलं गेलं आणि मग तुम्हालाही तेच लिहिलं. फॉर्मवरचं अजून तसंच आहे.

बाकीचं खरं आहे. निसर्ग-छायाचित्र मंडळाचं पहिलं बक्षीस मलाच आहे. समारंभ २३ नोव्हेंबरला. रोख रक्कम नाही, जवळून फोटो काढायची लेन्स देणार आहेत, आणि दोन्हींपैकी कुठली हे आपण सांगायचं. एक पंचावन्न मिलिमीटरची, दुसरी एकशेपाचची. सचिव माथुर साहेबांनी दोनदा फोन केला. "बेटा, जल्दी बता दीजिए, दुकानवाले को ऑर्डर देना है." त्यांनी पाठवलेल्या पसंतीच्या कागदावर मी अजून काही लिहिलेलं नाही.

मला ठरवता येत नाही, म्हणून विचारते. मी अजून तुम्ही ठेवून गेलेलाच कॅमेरा वापरते. त्यावरची साधी पन्नासची लेन्स आणि तिच्या व कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची ती पोकळ नळी. नळी लावली की किडा मोठा दिसतो, पण चार बोटांवर जावं लागतं. तेवढ्यात माझी सावली त्याच्यावर पडते आणि तो उडतो. एकशेपाचनं वीतभर लांबून तेवढाच मोठा येईल, असं मी वाचलं. पण ती जड आहे, हात हलेल. पंचावन्न हलकी आहे, कागदपत्रांचे फोटो काढायलाही चालेल, पण मग चार बोटांची फार तर सहा बोटं होतील. शिवाय एकशेपाचमध्ये स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढचं-मागचं जेवढं स्पष्ट येतं ती, कमी मिळते असं कुणीतरी म्हणालं. हे खरं का?

तुम्ही म्हणाल, शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहेस, एवढं गणित मांडता येत नाही? येतं, पण मांडलेलं पटत नाही. संधिवाताच्या तापात दोन वर्षं शाळा सुटली तेव्हा तुम्हीच मला लेन्सच्या कड्यावरच्या आकड्यांवरून अपूर्णांक शिकवले होते. तेव्हापासून कुठलंही उत्तर तुमची बरोबरची खूण पडल्याशिवाय मला बरोबर वाटत नाही. तेवीस वर्षांच्या मुलीनं हे लिहावं याची लाज वाटते, पण खरं आहे.

बाबा खूश आहेत. फोटो मोठा करून घेतला आणि ऑफिसात नेला. सेक्शनमधल्या अकरा जणांना समारंभाला बोलावलंय. तुम्ही गेल्यापासून या घरात कॅमेऱ्याचं नाव काढलं तरी ते पेपर वर धरायचे, तेच आता पाहुण्यांना विचारतात, "बघितलंत का? बिल्कुल जिवंत वाटतं ना?"

मी तुम्हाला लिहिते हे त्यांना माहीत नाही. उत्तर शाळेच्या पत्त्यावरच पाठवा.

तुमची
अलकनंदा


२९ ऑक्टोबर १९८६, बुधवार

भालूकाका,

तुमचं कार्ड मिळालं. सहा वर्षांत चार ओळींपेक्षा लांब असं हे पहिलंच, त्यामुळे पुन्हा पुन्हा वाचलं.

तुम्ही लिहिलंत की दोन्ही लेन्सनी किडा निगेटिव्हवर सारख्याच आकाराचा आणला आणि लेन्सचं छिद्र सारखंच ठेवलं, तर स्पष्टतेची खोलीही सारखीच. फरक पडतो तो किड्यापासूनच्या अंतरात आणि मागे किती पसारा दिसतो त्यात. हे मला कळलं. स्वतः पंचावन्नवर काम करता हेही वाचलं. "इथे हातमागाच्या कापडाची वीण टिपायची असते. कापड पळून जात नाही." हे वाचून मी प्रयोगशाळेत एकटीच हसले. पानिपतच्या त्या कारखान्यात तुम्ही चादरीपुढे गुडघे टेकून बसला आहात असं डोळ्यांपुढे आलं.

शनिवारी माथुर साहेबांनी चांदणी चौकातल्या फोटो मार्केटमध्ये बोलावलं होतं. दोन्ही लेन्स लावून बघा म्हणाले. दुकानदारानं काउंटरवर एक मेलेली माशी ठेवली. "लीजिए मैडम, मॉडल हाज़िर है." पंचावन्न लावली तर लेन्सच्या कडेची सावली माशीवर आली. एकशेपाच लावली, हात लांब ठेवला, आणि माशीच्या पायावरचे केस वेगळे दिसले. मागचा काउंटर, बिलबुक, चहाचा ग्लास, सगळं एका रंगात विरघळून गेलं. कॅमेरा खाली ठेवावासा वाटेना. पण शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की माझा हात थरथरतो, हेही दिसलं.

तिथे दुसऱ्या बक्षिसाचे गृहस्थ आले होते, गुणवंत शेंडे. मूळचे भंडाऱ्याचे, सरोजिनी नगरला राहतात, कुठल्याशा मंत्रालयात क्लार्क. पन्नाशीचे असतील. मी मराठी म्हटल्यावर खुलले.

"तुमचाच फोटो ना तो? अरे बाप रे, मी तीन-तीन वेळा पाहिला. एक विचारू? राग नाही ना?"

"विचारा."

"फोटोखाली लिहिलंय, पन्नासची लेन्स आणि ट्यूब. म्हणजे तुम्ही चार बोटांवर होतात. चार बोटांवर ते बसलं कसं? मी तीन वर्षं ओखल्याला यमुनेच्या काठी पालथा पडतोय. बायको म्हणते, चिखलातच संसार मांडा. माझ्या फोटोतल्या चतुराचा एक पंख हललाच शेवटी. जिवंत होता ना, काय करणार."

मी म्हटलं, नशीब. तर ते म्हणाले, "नाही नाही, नशीब कसलं! पेशन्स आहे तुमच्याकडे. आमच्या मुलींना दाखवतो तुम्हाला." मग त्यांनी एकशेपाच हातात घेतली, डोळ्याला लावली आणि ठेवून दिली. त्यांना दुसऱ्या बक्षिसाचं पुस्तक मिळणार आहे.

कार्डाच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे. "फुलपाखराच्या अंगावर दव आहे. खालच्या पानावर का नाही?" त्याचं उत्तर मला नीट आठवत नाही. फोटो काढून दीड महिना झाला. कदाचित पान मी पुसलं असेल. आठवलं की कळवीन.

आईनं दिवाळीचा फराळ करायला घेतलाय. अनारसे तुम्हाला आवडायचे, ती दर वर्षी म्हणते आणि मग विषय बदलते.

तुमची
अलकनंदा


९ नोव्हेंबर १९८६, रविवार

भालूकाका,

"मला नीट आठवत नाही" असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खरं नाही. मला सगळं आठवतं, अगदी डब्याचं झाकणसुद्धा.

६ सप्टेंबरच्या संध्याकाळी कढीपत्त्यावर एक लिंबाचं फुलपाखरू बसलं होतं, काळं-पिवळं. मी कॅमेरा घेऊन गेले, ते उडालं. परत आलं, परत उडालं. अंधार पडताना ते पंख मिटून बसलं, तेव्हा मी ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात धरलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. थंड केलं की किडे हलत नाहीत, हे मी एका मासिकात वाचलं होतं. अर्ध्या तासात बाहेर काढायचं असं त्यात होतं. मी विसरले नाही, हे आधी लिहिते. प्रकाश गेला होता, म्हणून जाणूनबुजून रात्रभर ठेवलं.

सकाळी आईनं डबा उघडला. "अगं बाई! मी कालची भाजी समजले. हे काय ठेवलंयस दह्याशेजारी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय? मेलं थोडंच. झोपलंय बिचारं." आणि पोळ्या लाटायला गेली.

मी ते पानावर ठेवलं. बाहेर कसा उकाडा होता! थंड अंगाला बाहेरची हवा लागली आणि दोन मिनिटांत त्याच्या पंखांवर, मिशांवर, डोळ्यांवर बारीक थेंब धरले, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतात तसे. मी ते ठरवून केलं नव्हतं. पण कॅमेऱ्यातून पाहिल्यावर मी थांबले नाही. पान गरम होतं, म्हणून ते कोरडं. परीक्षकांनी लिहिलं आहे, "पहाटेच्या दवाचा अप्रतिम क्षण."

तुम्हाला ते पहिल्या नजरेत दिसलं. दिसेल हे मला ठाऊक होतं, काका. तरी मी प्रत पाठवली. का पाठवली, याचं उत्तर खरंच माहीत नाही, आणि या वेळी हे वाक्य खरं आहे.

अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर पुढच्या पत्रात पुन्हा दुरुस्ती करावी लागेल.

फुलपाखरं दोन होती. दुसरं मी सात तारखेला सकाळीच धरलं आणि वीसच मिनिटं ठेवलं, कारण पहिलं हालत नव्हतं आणि मला भीती वाटली. दुसरं काही वेळानं पंख हलवायला लागलं आणि उडालं, ते मी पाहिलं. पहिलं दुपारपर्यंत पानावरच होतं. मग मुंग्या आल्या. दोघांचे फोटो एकाच रोलवर आहेत, त्याच पानावर. मी घाईत होते, कुठला कुणाचा ते लिहून ठेवलं नाही. बक्षिसाचा फोटो कुठल्याचा, मला सांगता येत नाही.

नियमात लिहिलं आहे की प्राणी जिवंत आणि त्याच्या नैसर्गिक जागी, मोकळा असावा. जिवंत असेल तर मी निम्मा नियम मोडला, मेलेला असेल तर सगळा. हा हिशेब मी आठ दिवस करते आहे.

म्हणून निगेटिव्हची पट्टी सोबत पाठवते. तुमच्याकडे भिंग आहे. तुम्ही शेतकी संस्थेत इतकी वर्षं किडींचे फोटो काढलेत, पाय पान धरून आहेत की नुसते टेकले आहेत, हे तुम्हाला कळेल. बघून मला लिहा. मग मी काय ते ठरवीन.

त्या संस्थेतलं प्रकरण मला अर्धवटच माहीत आहे. ट्रेमध्ये ठेवलेल्या बोंडअळीच्या फोटोखाली 'शेतात घेतलेले छायाचित्र' असं लिहायला तुम्ही नकार दिलात आणि नोकरी सोडलीत. बाबांनी तुमच्यासाठी वरच्या साहेबांकडे शब्द टाकला होता, त्यांना खाली पाहावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची ट्रंक दारात होती. "एका ओळीसाठी!" बाबा पुढे कितीतरी दिवस आईला म्हणत होते. मी सतरा वर्षांची होते. मला वाटायचं, ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? काका तरी राहिले असते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

अलकनंदा


१६ नोव्हेंबर १९८६, रविवार

भालूकाका,

पट्टी परत मिळाली. पट्टीचं आतलं पाकीट तुम्ही फोडलेलंसुद्धा नाही. वरच्या कार्डावर लिहिलंत, "पत्र वाचलं. निगेटिव्ह पाहिल्या नाहीत. पाहून मी जे सांगेन, त्यानं तुझं काय ठरणार आहे ते आधी लिही."

मी दोन दिवस तुमच्यावर रागावले होते. शाळेत दोन चंचुपात्रं फोडली. मनात म्हणत होते, पाच मिनिटांचं काम, काय हरकत होती? पण मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले. 'जिवंत असेल तर' असं लिहून पुढे काहीच सुचेना. जिवंत असेल तर मी गप्प बसणार होते. हे कागदावर आल्यावर मी तो कागद फाडला. मग परत त्याच अक्षरांत लिहून काढला, कारण फाडल्यानं ते खोटं होत नव्हतं. तो या पत्रासोबत नाही. माझ्याकडेच आहे.

काल संध्याकाळी बाबांना सांगितलं. चहाचा कप हातात असताना सांगू नये असं आईनं डोळ्यांनी खुणावलं, तरी सांगितलं. फ्रिज, डबा, दोन फुलपाखरं, लोदी बाग, सगळं.

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "अच्छा. म्हणजे ते जिवंत वाटतं, ते वाटतंच."

"मला माहीत नाही, बाबा."

"कुणाला कळणार आहे?"

"शेंड्यांना कळेल कधीतरी. त्यांनी मला विचारलं होतं, ते बसलं कसं."

"अकरा माणसांना बोलावलंय मी. सहगल तर बायकोला घेऊन येणार आहे. त्यांना काय सांगू? मुलीनं फुलपाखरू फ्रिजमध्ये ठेवलं होतं?"

आई मधेच म्हणाली, "मलाही विचारा की. दह्याशेजारी मीच पाहिलं होतं. मी पण म्हटलं, त्यात काय." आणि ती एकदम रडायला लागली. ती रडेल असं आम्हां दोघांनाही वाटलं नव्हतं.

बाबा उठून खिडकीशी गेले. "बाहेर जाऊन सांगायची काय गरज? आजारी आहे म्हणून कळव. लेन्स घेऊ नकोस. संपलं."

मी म्हटलं, लेन्स न घेणं आणि सांगणं यात फरक आहे. फॉर्मवर माझ्या सहीनिशी लोदी बाग लिहिलेली आहे.

"भालचंद्रच बोलतोय," ते म्हणाले. तुमचं नाव त्यांच्या तोंडून मी सहा वर्षांनी ऐकलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते खिडकीकडे पाठ करून उभे राहिले आणि विचारलं, "तो लिहितो का तुला?"

मी हो म्हटलं. कुठल्या पत्त्यावर, हे त्यांनी विचारलं नाही. आज सकाळी ऑफिसातला तो मोठा केलेला फोटो त्यांनी घरी आणला. रविवारी ऑफिसात जायला त्यांना चौकीदाराची परवानगी काढावी लागली असणार. कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. सहगल काकांना काय सांगितलं, ते मी विचारलेलं नाही. मला तेवढं धैर्य नाही.

तुम्ही मला शाबासकी द्यावी म्हणून हे लिहीत नाही. खरं तर उलट वाटतं. एक फुलपाखरू मेलं, त्याला माझ्या सांगण्यानं काही होत नाही. बाबांची मान दुसऱ्यांदा खाली जाणार, तीही या वेळी माझ्यामुळे. तुमच्या वेळी तुम्ही खोटं लिहिलंच नव्हतंत. मी लिहून, सही करून, मग आले आहे. हा फरक मला रोज दिसतो.

लेन्सचं मात्र सांगून टाकते, कारण मी इतकं विचारलं होतं आणि तुम्ही कार्ड भरून उत्तर दिलंत. घेतली असती तर एकशेपाच घेतली असती. आता घेणार नाही. रोज सकाळी अंगणात पन्नासची आणि नळी घेऊन बसते. काल मुंग्यांच्या रांगेपाशी बसले होते. त्या चार बोटांवरही पळत नाहीत, त्यांना माझी फिकीर नाही. फोटो मात्र सगळे हललेले येणार, कारण मुंग्या थांबत नाहीत. एक तरी बरा आला तर पाठवीन, आणि कुठे, किती वाजता काढला ते मागे लिहीन.

माथुर साहेबांना फोनवर सांगायचं मी दोनदा ठरवलं. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. फोनवर ते "अरे बेटा, छोड़ो" म्हणतील आणि मी सोडून देईन, मी स्वतःला ओळखते. म्हणून समोर जाऊन लिहून देणार. अर्ज तयार आहे, हिंदीत. आईनं ऐकला आणि दोन ठिकाणी शब्द सुधारले. 'गलती' खोडून तिनं 'झूठ' लिहायला लावलं. बाबांनी तो वाचला नाही, पण त्यांना स्वतःचं काही लिहायचं होतं तेव्हा टेबलावरचा तो कागद हलवायला नको म्हणून त्यांनी मांडीवर वही ठेवून लिहिलं.

शेंड्यांना वेगळं सांगायचं की माथुर साहेबांकडूनच कळू द्यायचं, हे ठरत नव्हतं. वेगळंच सांगणार. त्यांच्या मुलींना ते मला दाखवणार होते, तेव्हा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

मंडळाचं ऑफिस फक्त शनिवारी, अकरा ते एक उघडं असतं. समारंभ रविवारी आहे, म्हणजे त्याआधीचा तेवढा एकच शनिवार उरतो. पानिपतहून सकाळची गाडी नवी दिल्लीला कधी येते, ते मी स्टेशनवर विचारून आले. तुम्हाला या असं म्हणत नाही. नाही आलात तरी मी जाणार आहे, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुमची वाट पाहत होते असं सांगून मला थांबता येणार नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजता.

अलकनंदा